जुने लेख पुसून साइट ताजी होते का? सी-नेटच्या छाटणीचं प्रकरण

ऑगस्ट २०२३मध्ये गिझमोडो या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या साइटने बातमी दिली की सी-नेट या तंत्रज्ञानविषयक वेबसाइटने आपले हजारो जुने लेख काढून टाकले आहेत. लेख चुकीचे होते किंवा कुणी तक्रार केली होती, असं काही नव्हतं. गूगलच्या शोधनिकालांत साइट वर यावी, एवढ्यासाठी हे चाललं होतं. जुलैच्या मध्यापर्यंत थोडेथोडे लेख जात होते, मग वेग वाढला आणि काही आठवड्यांत आकडा हजारांवर गेला.

वेबसाइट चालवणाऱ्यांना वाचक मिळवून देण्यासाठी मदत करणं हे माझं काम. या कामात तीन प्रश्न सतत कानावर येतात. जुने लेख काढून टाकू का? रोज काहीतरी नवं टाकलंच पाहिजे का? लेखावरची तारीख बदलली तर चालेल का? तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत असते: गूगलला ताजं आवडतं, तेव्हा साइट ताजी दिसली पाहिजे. सी-नेटने ही समजूत मोठ्या प्रमाणावर अमलात आणली, त्यामागची कारणं लेखी मांडली, आणि त्याच सुमारास गूगलच्या माणसाने या समजुतीला जाहीर उत्तर दिलं. साइटमालकाचा विचार आणि शोधयंत्राचं म्हणणं असं समोरासमोर क्वचितच पाहायला मिळतं.

त्याआधीचं वर्ष

सी-नेट १९९०च्या दशकाच्या मध्यापासून वेबवर आहे. संगणक, फोन, कॅमेरे, सॉफ्टवेअर यांच्या बातम्या आणि परीक्षणं तिथे पंचवीसएक वर्षं साठत गेली. २०२०मध्ये रेड व्हेंचर्स या कंपनीने ती साइट ५० कोटी डॉलरना विकत घेतली. रेड व्हेंचर्सच्या कमाईचा मार्ग समजून घेतला तर पुढचं बरंच काही उलगडतं. वाचक शोध घेतो, लेखावर येतो, लेखातल्या दुव्यावरून एखादी सेवा किंवा क्रेडिट कार्ड घेतो, आणि त्या व्यवहाराचं कमिशन साइटला मिळतं. अशा साइटसाठी गूगलवरचं स्थान म्हणजे थेट उत्पन्न. पहिल्या क्रमांकावरून पाचव्यावर घसरण झाली की ती हिशेबाच्या वहीत दिसते.

नोव्हेंबर २०२२मध्ये सी-नेटने आर्थिक विषयांवरचे काही लेख यंत्राकडून, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, लिहून घ्यायला सुरुवात केली. जानेवारी २०२३मध्ये फ्युचरिझम या साइटने ते उघडकीला आणलं. एकूण ७७ लेख निघाले. सी-नेटने स्वतः तपासणी केल्यावर त्यातल्या ४१ लेखांना दुरुस्त्या जोडाव्या लागल्या. एका लेखात चक्रवाढ व्याज समजावताना लिहिलं होतं की १०,००० डॉलर ३ टक्के दराने ठेवले तर वर्षाअखेर १०,३०० डॉलर कमाई होते. कमाई ३०० डॉलरची होते. १०,३०० ही मुद्दलासकट रक्कम. पैशांविषयी सल्ला शोधत आलेल्या माणसाला अशी माहिती देणं ही गंभीर गोष्ट आहे.

म्हणजे वर्षभराच्या आत एकाच साइटवर दोन टोकांचे उपाय झाले. आधी झटपट नवं भरणं, मग झटपट जुनं काढणं. दोन्हींत पानांची संख्या हलवून शोधस्थान हलवायचा प्रयत्न होता. मला हे दोन निर्णय एकाच विचाराची दोन रूपं वाटतात.

सी-नेटची बाजू

सी-नेटच्या अंतर्गत टिपणाचा मजकूर गिझमोडोने छापला. त्यात म्हटलं होतं की निरुपयोगी झालेल्या पानांचे पत्ते (यूआरएल) काढणं, दुसरीकडे वळवणं किंवा त्यांवरचा मजकूर नव्याने करणं यातून गूगलला संकेत जातो की सी-नेट ताजी आहे, समयोचित आहे आणि स्पर्धकांच्या वर दाखवण्याजोगी आहे. सगळंच कायम ठेवता आलं असतं तर उत्तम झालं असतं, पण आजचं इंटरनेट त्याची शिक्षा देतं, अशी खंत कंपनीच्या प्रतिनिधीने गिझमोडोकडे बोलून दाखवली. काढायचा लेख कसा निवडायचा याचे निकष टिपणात दिले होते: लेखाचं वय, लांबी, त्यावर येणारे वाचक, गूगलचा क्रॉलर (वेबवर फिरून पानं वाचणारा प्रोग्रॅम) तिथे किती वेळा येतो. ऐतिहासिक महत्त्व आणि संपादकीय कारणंही बघितली जातील असं नमूद होतं. काढलेल्या लेखाची प्रत स्वतःकडे ठेवायची, इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनला (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या सेवेला) पाठवायची, आणि लेखक अजून नोकरीत असेल तर त्याला किमान १० दिवस आधी कळवायचं, असं ठरलं होतं. कंपनीचं म्हणणं होतं की शोधावर चालणाऱ्या मोठ्या साइट सर्रास असंच करतात.

ही बाजू उडवून लावण्याजोगी नाही. ही समजूत आकाशातून पडलेली नाही, आणि ती कुठून आली हे कळल्याशिवाय चूक नेमकी कुठे झाली ते सापडत नाही.

फेब्रुवारी २०११मध्ये गूगलने पांडा नावाने ओळखला जाणारा बदल आणला. अमेरिकेतल्या ११.८ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. उथळ, उचललेला, केवळ शोधासाठी रचलेला मजकूर खाली ढकलणं हा त्याचा हेतू होता. त्याच वर्षी मे महिन्यात गूगलने साइटमालकांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की साइटच्या काही भागातला निकृष्ट मजकूर संपूर्ण साइटच्या स्थानाला बाधू शकतो. निकृष्ट पानं काढणं, उथळ पानं एकत्र करणं किंवा सुधारणं याने चांगल्या पानांना कालांतराने फायदा होऊ शकतो. ऑगस्ट २०२२मध्ये 'हेल्पफुल कंटेंट' प्रणाली आली तेव्हाही गूगलने हेच सांगितलं: साइटवर निरुपयोगी मजकुराचं प्रमाण जास्त असेल तर इतर पानांचंही नुकसान होतं, आणि तो मजकूर काढल्याने बाकीच्यांना मदत होऊ शकते.

म्हणजे 'काढल्याने फायदा होऊ शकतो' हे वाक्य गूगलचंच आहे. मात्र त्यात 'निकृष्ट' आणि 'निरुपयोगी' असे शब्द आहेत. सी-नेटच्या निकषांत त्यांच्या जागी 'जुना', 'छोटा' आणि 'कमी वाचला जाणारा' हे मोजता येणारे गुण येऊन बसले. कारण साधं आहे. हजारो पानांपैकी निकृष्ट कोणती हे ठरवायला प्रत्येक पान वाचावं लागतं, आणि तेही त्या विषयातल्या माणसाने. वय, लांबी आणि भेटींची संख्या मात्र एका तक्त्यात मिनिटभरात लावता येते. इथेच वाट चुकली, आणि मी पाहिलेल्या बहुतेक साइटवरही ती इथेच चुकते. लांबलचक यादी समोर असली की मोजायला सोपं असेल त्यालाच माणूस दर्जा समजू लागतो.

गूगलचं उत्तर

बातमी येण्याच्या सुमारास गूगलच्या 'सर्च लिएझन' या अधिकृत खात्यावरून डॅनी सलिव्हन यांनी साइटमालकांना उद्देशून लिहिलं. हे खातं सांभाळण्याआधी सलिव्हन यांनी शोधयंत्रांविषयी पत्रकार म्हणून अनेक वर्षं लिहिलं होतं. २०१७मध्ये ते गूगलमध्ये आले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: गूगलला 'जुना' मजकूर आवडत नाही असं समजून तुम्ही तो काढत असाल, तर तसं काही नसतं. आमचं मार्गदर्शन याला प्रोत्साहन देत नाही. जुना मजकूरही उपयोगी असू शकतो.

त्यांनी पुढे केलेला खुलासा अधिक कामाचा आहे. एखादं जुनं पान निरुपयोगी असेल तर ते स्वतःच वर येण्याची शक्यता कमी. साइट प्रचंड मोठी असेल तर असं पान काढल्याने क्रॉलरला इतर पानांपर्यंत पोचणं सोपं जाऊ शकतं. पण एक पान काढलं म्हणून 'आता ही अख्खी साइट किती चांगली झाली' असा निष्कर्ष गूगल काढत नाही.

गूगलच्या मार्गदर्शक पानावर स्वतःला विचारायचे काही प्रश्न दिले आहेत. त्यातले दोन या प्रकरणासाठीच लिहिलेत की काय असं वाटावं. मजकुरात ठोस बदल न करता पान ताजं दिसावं म्हणून तुम्ही तारखा बदलता का? साइट 'ताजी' दिसेल आणि त्यामुळे एकूण स्थान सुधारेल या समजुतीने तुम्ही भरपूर नवं घालता किंवा भरपूर जुनं काढता का? दुसऱ्या प्रश्नाला गूगलने कंसात स्वतःच उत्तर दिलं आहे की नाही, तसं होत नाही.

मोठ्या साइटविषयीच्या सवलतीबद्दल एक खुलासा इथेच करतो, कारण 'क्रॉल बजेट' (क्रॉलर एका साइटवर किती पानं वाचेल याची मर्यादा) हा शब्द छोट्या साइटच्या मालकांना उगाच घाबरवण्यासाठी फार वापरला जातो. गूगलच्या कागदपत्रांनुसार याची चिंता साधारणपणे दोन प्रकारच्या साइटनी करावी: ज्यांची दहा लाखांहून जास्त पानं आहेत आणि मजकूर आठवड्याला बदलतो, किंवा ज्यांची दहा हजारांहून जास्त पानं रोज झपाट्याने बदलतात. तुमच्या साइटवर दोनशे, अगदी दोन हजार पानं असतील तर हा विषय सोडून द्या.

शोधात ताजेपणा खरंच कुठे चालतो

ताजेपणाला किंमत नाही असं मात्र कुणी समजू नये. जून २०१०मध्ये गूगलने कॅफीन ही नवी इंडेक्स (गूगलने वाचलेल्या पानांची सूची) व्यवस्था पूर्ण केली आणि आधीच्या इंडेक्सपेक्षा ५० टक्के ताजे निकाल मिळतील असं सांगितलं. नोव्हेंबर २०११मध्ये ताजेपणाविषयीचा आणखी एक बदल आला. सुमारे ३५ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल असं तेव्हा जाहीर झालं. त्या घोषणेत कोणत्या शोधांना ताजेपणा लागतो याचे तीन प्रकार सांगितले होते. पहिला, नुकत्याच घडलेल्या घटनांचा. दुसरा, ठरावीक काळाने पुन्हा होणाऱ्या गोष्टींचा, जसं निवडणुका, क्रीडास्पर्धा, वार्षिक परिषदा. तिसरा, सतत बदलणाऱ्या माहितीचा, जसं कोणता कॅमेरा घ्यावा.

हे तिन्ही प्रकार शोधणाऱ्याच्या प्रश्नाचे आहेत. साइट किती ताजी आहे हे त्यात कुठेच येत नाही. 'यंदाचा सर्वोत्तम फोन' विचारणाऱ्याला पाच वर्षांपूर्वीचा लेख दाखवणं चूकच. पण 'या जुन्या प्रिंटरची शाई अडकली तर काय करायचं' असं विचारणाऱ्याला त्या प्रिंटरच्या काळातला लेखच हवा असतो. तो प्रिंटर बाजारातून गेला, त्यावर आता नवीन कुणी लिहिणार नाही, आणि ज्याच्याकडे तो आहे त्याला दुसरा आधार नाही. तंत्रज्ञानाच्या साइटवर अशी पानं ढिगाने असतात. छाटणीच्या तक्त्यात ती नेमकी तळाशी सापडतात: जुनी, छोटी, वाचक कमी.

चारही निकष तपासून पाहू

वयाबद्दल वर आलंच. लांबीबद्दल गूगलने वारंवार सांगितलंय की त्यांना आवडणारी अशी कोणतीही शब्दसंख्या नाही. प्रश्नाचं उत्तर दोन परिच्छेदांत पूर्ण होत असेल तर दोन परिच्छेदांचा लेख उत्तम.

वाचकसंख्येचा निकष सगळ्यात फसवा. पानावर वाचक येत नाहीत याची कारणं अनेक असतात. शीर्षकावरून आत काय आहे ते कळत नाही. साइटवरच्या दुसऱ्या कोणत्याही पानावरून तिथे दुवा जात नाही. त्याच विषयावर साइटवर आणखी तीन पानं आहेत आणि चौघं एकमेकांच्या वाटेत येतात. किंवा चुकून तिथे नोइंडेक्सची, म्हणजे 'हे पान शोधनिकालांत घेऊ नका' असं सांगणारी, खूण राहून गेली आहे. यातल्या प्रत्येकावर उपाय आहे, आणि पान काढणं हा त्यांपैकी एकावरही उपाय नाही. शिवाय मागणी नेहमीच विखुरलेली असते. रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध त्याआधी कधीच झालेले नसतात, असं गूगल अनेक वर्षं सांगत आलं आहे. वर्षाला मोजके वाचक आणणारी शंभर पानं मिळून जी वाचकसंख्या देतात ती तक्त्यात एकेक ओळ पाहताना दिसतच नाही.

क्रॉलरच्या भेटींचा निकष तर कारण आणि परिणाम उलटे धरतो. पान क्वचित बदलतं, त्याच्याकडे दुवे कमी आहेत, म्हणून क्रॉलर तिथे क्वचित जातो. क्वचित जातो म्हणून पान वाईट ठरत नाही. वर्षानुवर्षं न बदलणारं बरोबर उत्तर रोज तपासायची गरज क्रॉलरलाही नसते.

पाचवा निकष गिझमोडोने दिलेल्या यादीत नव्हता, आणि माझ्या मते तोच सर्वांत वर हवा: त्या पानाकडे बाहेरून कोण दुवे देतं. पंचवीस वर्षं चाललेल्या साइटच्या जुन्या लेखांकडे विश्वकोशांतून, पुस्तकांच्या तळटीपांतून, दुसऱ्या साइटवरून दुवे आलेले असतात. हे दुवे पैशाने किंवा घाईने मिळत नाहीत. पान काढून त्या जागी काहीच ठेवलं नाही की असे सगळे दुवे रिकाम्या जागी जातात. साइटने स्वतःहून आपली मिळकत सोडून देण्यासारखं आहे हे.

परिणाम मोजायची अडचण

छाटणीनंतर सी-नेटला फायदा झाला की तोटा, असं मला हमखास विचारलं जातं. लेख निघाले जुलै-ऑगस्टमध्ये. गूगलचा ऑगस्टचा कोअर अपडेट (निकालांचा क्रम ठरवणाऱ्या मूळ पद्धतीतला मोठा बदल) २२ ऑगस्टला सुरू झाला आणि ७ सप्टेंबरला संपला. १४ ते २८ सप्टेंबरदरम्यान हेल्पफुल कंटेंट प्रणालीचा अपडेट आला. ऑक्टोबरमध्ये आणखी एक कोअर अपडेट आणि त्याच्या जोडीला स्पॅमविरोधी अपडेट, नोव्हेंबरमध्ये पुन्हा कोअर. इतके बदल एकावर एक येत असताना आलेखातली चढण किंवा उतार कशामुळे हे सांगण्याचा दावा कुणी केला, तर त्यावर पैसे लावू नयेत.

तुमच्या साइटलाही हीच अडचण येणार आहे. म्हणून बदल एकदम सगळीकडे करू नका. सारख्या प्रकारची काही पानं बदला, तितकीच तशीच सोडा, आणि दोन्ही गटांची तुलना काही महिन्यांनी करा. तुलना मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच काळाशी हवी, कारण बऱ्याच विषयांना ऋतुमान असतं. गूगलचं सर्च कन्सोल (आपली साइट शोधात कशी दिसते हे मालकाला दाखवणारं साधन) १६ महिन्यांची आकडेवारी ठेवतं, ती या तुलनेला पुरते. त्याआधीची हवी असेल तर नियमितपणे उतरवून ठेवायची सवय लावावी लागते.

सी-नेटच्या जागी मी काय केलं असतं

सुरुवात यादीपासूनच केली असती, पण यादीचा उपयोग निर्णयासाठी न करता वाचायचा क्रम ठरवण्यासाठी केला असता. ज्या पानांकडे बाहेरून दुवे आहेत ती आधी वाचायची. मग जी शोधनिकालांत वारंवार दिसतात पण ज्यांवर कुणी क्लिक करत नाही ती. सर्च कन्सोलमध्ये इम्प्रेशन (निकालांत पान दिसण्याच्या वेळा) भरपूर आणि क्लिक नगण्य अशी ओळ दिसली की समजावं, मागणी आहे आणि आपलं पान उत्तर देतंय असं वाचकाला वाटत नाही. माझ्या अनुभवात साइटवरचा सगळ्यात लवकर फळ देणारा भाग हाच असतो. तिथे नवा लेख लागत नाही. शीर्षक नेमकं करायचं, उत्तर पहिल्या काही ओळींत आणायचं, कालबाह्य भाग बदलायचा, आणि साइटवरच्या संबंधित पानांवरून तिथे दुवे द्यायचे.

एकाच प्रश्नावर तीन-चार अर्धवट लेख असतील तर त्यांतला सगळ्यात भक्कम पत्ता निवडून बाकीच्यांतलं चांगलं त्यात आणायचं, आणि बाकीचे पत्ते ३०१ने (पान कायमचं हललं असं सांगणाऱ्या संकेताने) तिकडे वळवायचे. हे वळवणं किमान वर्षभर, शक्य असेल तर कायम ठेवावं. काढलेली सगळी पानं मुखपृष्ठाकडे वळवण्याची युक्ती मात्र करू नका. गूगल अशा वळणांना बहुतेक वेळा 'सॉफ्ट ४०४' धरतं, म्हणजे पान नाहीच असं समजतं. आणि प्रिंटरचं उत्तर शोधत आलेला माणूस मुखपृष्ठावर येऊन पडला तर तो पुन्हा येत नाही.

खरोखर काढण्याजोगी पानं असतातच. दुसरीकडून उचललेला मजकूर, रिकामी वर्गवारीची पानं, चुकीची आणि दुरुस्त न होणारी माहिती. त्यांना सरळ ४०४ किंवा ४१० (पान आता नाही असं सांगणारे संकेत) द्यावं. पान वाचकांसाठी ठेवायचं पण शोधात नको असेल तर नोइंडेक्स. इथे एक चूक वारंवार दिसते: नोइंडेक्स लावायचं आणि त्याच पानाला रोबोट्स फाइलमध्ये (क्रॉलरने कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) अडवायचंही. अडवलं की क्रॉलर पान उघडतच नाही, त्यामुळे नोइंडेक्सची खूण त्याला दिसत नाही, आणि पत्ता इंडेक्समध्ये राहू शकतो.

तारखांचा नियम मी सोपा ठेवतो. वाचकाने मागच्या वेळी वाचलं होतं त्यापेक्षा वेगळं काही त्याला आता मिळणार असेल तरच 'अद्ययावत' तारीख बदलावी. साइटमॅपमधल्या (क्रॉलरसाठीच्या पानांच्या यादीतल्या) 'लास्टमॉड'लाही, म्हणजे पान शेवटचं बदलल्याच्या तारखेलाही, हेच लागू. गूगल हे मूल्य वापरतं, पण ते सातत्याने खरं असेल तरच. 'प्रायॉरिटी' (पानाचं महत्त्व) आणि 'चेंजफ्रिक्वेन्सी' (ते किती वेळा बदलतं) ही मूल्यं ते विचारात घेत नाही. साइट चालवायच्या काही कंटेंट सिस्टिम रोज रात्री सगळ्या पानांची लास्टमॉड तारीख आपोआप आजची करतात. तुमची करत असेल तर ते आधी बंद करा, नाहीतर खरा बदल कराल त्या दिवशी तुमच्या तारखेवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

नवं लिहिण्याबद्दल

नवं लिहिण्याची गरज आहेच, पण किती आणि कशावर हे वेळापत्रकाने ठरू नये. 'आठवड्याला चार लेख' असा नेम धरलेल्या साइटवर काही महिन्यांत काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. पहिले काही लेख अनुभवातून येतात, मग विषय संपतात, मग दुसऱ्या साइटवरचं वाचून लिहिणं सुरू होतं. त्या क्षणापासून प्रत्येक नवा लेख साइटचं वजन वाढवतो आणि मोल कमी करतो. त्यापुढची पायरी म्हणजे यंत्राकडून ढिगाने लिहून घेणं. गूगलने फेब्रुवारी २०२३मध्ये सांगितलं की मजकूर कुणी लिहिला यापेक्षा तो कसा आहे हे महत्त्वाचं. मार्च २०२४मध्ये स्पॅमविषयक धोरणात 'मोठ्या प्रमाणावरील मजकूर-गैरवापर' हा प्रकार घातला: शोधस्थान मिळवण्याच्या मुख्य हेतूने, वाचकाला काही न देणारी पानं ढिगाने काढणं, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने. सी-नेटचे ७७ लेख त्या धोरणाच्या वर्षभर आधीचे. पण व्याजाची चूक वाचकाला भोवते ती धोरण असो वा नसो.

विषय शोधायचे तर ते साइटच्या आतच असतात. वाचकांनी पत्रांतून विचारलेले प्रश्न. साइटवरच्या शोधखिडकीत टाइप झालेले आणि 'काही सापडले नाही' असं उत्तर मिळालेले शब्द. सर्च कन्सोलमध्ये आठव्या ते विसाव्या स्थानांदरम्यान दिसणारे शोध, ज्यांच्यासाठी तुम्ही कधीच स्वतंत्र लेख लिहिला नाही आणि तरीही गूगल तुमचं जवळचं पान दाखवतं आहे. या तिन्हींतून आलेल्या विषयावर तुम्ही स्वतः वापरून, मोजून, फोटो काढून लिहिलंत तर महिन्याला दोन लेखही साइटला पुढे नेतात. मे २०२४पासून गूगलच्या निकालांवर यंत्राने रचलेली उत्तरं दिसू लागल्यानंतर तर दुसऱ्यांचं वाचून लिहिलेल्या लेखाला क्लिक मिळणं आणखी अवघड झालं. सारांश यंत्र देतं. स्वतः पाहिलेलं त्याला कुठून तरी घ्यावंच लागतं.

जे जुनं आहे ते जुनं म्हणून ठेवणं

सी-नेटपुढे जो प्रश्न होता तोच द गार्डियन या ब्रिटिश वृत्तपत्रापुढेही होता: प्रचंड जुना संग्रह आणि जुना लेख आजचा समजून वाचणारे लोक. एप्रिल २०१९मध्ये त्यांनी जाहीर केलं की जुन्या लेखांवर तो किती वर्षांपूर्वीचा आहे हे पिवळ्या पट्टीत ठळक दाखवलं जाईल, आणि समाजमाध्यमांवर लेख पसरवताना दिसणाऱ्या चित्रावरही वर्ष येईल. लेख जागेवर राहिला, दुवे शाबूत राहिले, आणि वाचकाची फसगत टळली. मला हा उपाय फार आवडतो, कारण त्यात वाचकाला खरं काय ते सांगितलं जातं आणि निवड त्याच्यावर सोपवली जाते. छोट्या साइटवर तो करायला टेम्पलेटमध्ये (पानांच्या सामायिक साच्यात) चार-पाच ओळींची भर पुरते. तिला जोडून आणखी एक ओळ घालावी: या विषयावर आमचा नवा लेख आहे, तो इथे वाचा. जुन्या पानावर येणारा वाचक मग आपोआप नव्याकडे वळतो.

आणि एखादं पान काढायचं ठरलंच, तर सी-नेटच्या टिपणातली एक गोष्ट जशीच्या तशी उचलण्याजोगी आहे: काढण्याआधी त्याची प्रत वेबॅक मशीनमध्ये जतन करणं. प्यू रिसर्च सेंटरने मे २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. २०२४च्याच सुरुवातीला गूगलने निकालांमधला 'कॅश' (गूगलने साठवलेली पानाची प्रत) दुवा काढून टाकला, आणि सप्टेंबरमध्ये 'या पानाविषयी' या भागात वेबॅक मशीनचा दुवा दिला. म्हणजे हरवलेलं पान शोधणाऱ्याला गूगलकडूनही आता तिकडेच वाट आहे. 'सेव्ह पेज नाऊ'मध्ये पत्ता टाकायला मिनिट लागतं. काढायच्या पानांच्या यादीत त्यासाठी एक रकाना ठेवा, आणि तो भरल्याशिवाय एकही पान हलवू नका.